उन्हाळी शिबिरातून घरी येणाऱ्या एकसारख्या वस्तू: याला कला शिकवणं म्हणायचं का?

रेषा_नागपूर (धागा सुरू करणारी)

मे महिन्यात पश्चिम नागपुरात फेरी मारली तर दर दुसऱ्या कुंपणावर ‘आर्ट अँड क्राफ्ट’ शिबिराचा फ्लेक्स दिसतो. सकाळी आठ ते दहा, ऊन तापायच्या आत, आणि शेवटच्या दिवशी आईबाबांसाठी प्रदर्शन. मी स्वतः लहान मुलांना चित्रकला शिकवते, म्हणून अशी प्रदर्शनं मुद्दाम बघते. यंदा एका ठिकाणी कागदी थाळ्यांचे मासे भिंतभर लावले होते. शेपटी त्याच कोनात, खवले त्याच टिकल्यांचे, आणि डोळे तर ताईंनीच चिकटवलेले. खाली नावं लिहिली नसती तर एकाही आईला आपल्या लेकराचा मासा ओळखू आला नसता.

माझा याला विरोध आहे. याला हस्तकलाही म्हणता येणार नाही, कारण कापायचं, जुळवायचं अवघड काम आधीच कोणीतरी करून ठेवलेलं असतं. मुलाच्या वाट्याला फक्त फेव्हिकॉल लावणं येतं.

सहा-सात वर्षांच्या मुलाचं चित्र नीट बघा. कागदाच्या तळाशी एक रेघ, तिच्यावर घर, झाड, आजी ओळीने उभे. अगदी वर निळा पट्टा, ते आकाश. मधली जागा कोरी. लगेच कोणीतरी मोठं माणूस सांगतं, ‘अगं, आकाश खालपर्यंत असतं, भर ना.’ पण त्या मुलीच्या हिशेबात आकाश वर असतं, जमीन खाली असते आणि मधे आपण असतो. तिचं चुकलेलं नाही. तिने जगाची एक मांडणी स्वतः शोधली आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले: दोन ते चार गिरगोट्या, चार ते सात ओळखू येतील असे पहिले आकार, सात ते नऊ ठरलेल्या खुणा आणि तळाची रेघ, नऊनंतर ‘खऱ्यासारखं’ काढायची ओढ. रंगवायच्या तयार पुस्तकांना त्यांचा ठाम विरोध होता आणि माझाही आहे.

मग करायचं काय? लाल, पिवळा, निळा एवढेच रंग द्या. हिरवा देऊच नका. झाड काढायला बसलेलं मूल हिरवा मागतं, मिळत नाही, मग पिवळ्यात निळा मिसळून बघतं. तो हिरवा त्याचा असतो, आणि शेजारच्याचा वेगळा निघतो. दुसरं, पांढऱ्या मेणखडूने पांढऱ्या कागदावर काहीही काढायला सांगा आणि वरून पातळ जलरंग फिरवा. मेणावर पाणी थांबत नाही, म्हणून लपलेलं चित्र वर येतं. फक्त आपल्याकडे 45 अंशात, त्यात कुलरचा वारा, रंग पसरायच्या आत सुकतो. कागद आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि कोपरे चिकटपट्टीने फळीला लावा.

आठ वर्षांखालच्या मुलासमोर तयार नमुना ठेवूच नये, असं माझं मत आहे. इथल्या पालकांना आणि शिक्षकांना काय वाटतं?

धरमपेठची_आई

ताई, राग मानू नका, पण हे वाचून वाईट वाटलं. माझी मुलगी सात वर्षांची आहे. कोरा कागद समोर ठेवला की ती रडकुंडीला येते. ‘मला येत नाही’ म्हणते आणि उठून जाते. शिबिरात तिने एक पेन स्टँड केला, आइसक्रीमच्या काड्यांचा. सगळ्यांचा तसाच होता, मान्य आहे. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक काम तिने पहिल्यांदाच पूर्ण केलं, आणि आजोबांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवला. तो आनंद खोटा होता का?

शिवाय आम्ही दोघंही नोकरी करतो. घरी रंग सांडू द्यायचे तर जागा लागते, वेळ लागतो, आणि नंतर पुसायला माणूस लागतं. तुमच्या पद्धतीत हे सगळं आईने करायचं असं गृहीत आहे.

रेषा_नागपूर

तिचा आनंद खराच आहे. पण ‘मला येत नाही’ हे ती कुठून शिकली? तीन वर्षांचं मूल असं कधी म्हणत नाही. समोर नमुना आला आणि आपलं त्याच्यासारखं झालं नाही, तिथून हे वाक्य सुरू होतं.

कोऱ्या कागदाची भीती वाटत असेल तर कोरा देऊ नका. कागदाच्या मधोमध वेडंवाकडं भोक पाडून द्या आणि म्हणा, याच्याभोवती चित्र कर. कोणी त्याचं डबकं करतं, कोणी राक्षसाचं तोंड. सुरुवात मिळते, शेवट मुलाचा राहतो. आणि पसाऱ्याचं म्हणाल तर अंघोळीच्या आधी बाथरूमच्या फरशीवर रंगवू द्या, पुसायचं काम तिथेच संपतं.

खडू_फळा

मी चित्रकलेचा शिक्षक, आता निवृत्त. रेषाताईंचा धागा आवडला, पण यातून पालक चुकीचा अर्थ घेतील म्हणून लिहितोय.

‘मुलाला मोकळं सोडा’ हे सहाव्या वर्षी ठीक आहे. दहाव्या वर्षी तेच केलं तर तो मुलाला एकटं टाकण्याचा प्रकार होतो. ताईंनीच लिहिलंय की नऊनंतर मुलाला खऱ्यासारखं काढायचं असतं. तेव्हा त्याला कोणी काही शिकवलं नाही, तर ते चित्र काढणं सोडतं. आज पन्नाशीत ‘मला साधी रेघ काढता येत नाही’ म्हणणारी माणसं अशीच घडली. कोणी दाबलं म्हणून नाही, कोणी शिकवलंच नाही म्हणून.

तांब्या काढायला सांगा. दहा वर्षांचं मूल तांब्याचं तोंड पूर्ण गोल काढतं आणि बूड सपाट रेघेने संपवतं. कारण तोंड गोल असतं हे त्याला माहीत आहे आणि तांब्या जमिनीवर टेकतो हेही माहीत आहे. दोन्ही खरं, पण चित्र बसत नाही आणि त्यालाही ते कळतं. मी काय करायचो, एक स्टीलचा ग्लास डोळ्यासमोर धरायला लावायचो. कडा डोळ्याच्या पातळीला असली की तोंडाची नुसती आडवी रेघ दिसते. ग्लास हळूहळू खाली न्या. रेघ उघडत जाते, लंबवर्तुळ होतं, आणखी खाली नेलं की फुगत जातं. आणि बूड? काचेचा ग्लास घेतला तर दिसतं की बुडाचं लंबवर्तुळ तोंडापेक्षाही जास्त उघडं असतं, कारण ते डोळ्यापासून आणखी खाली आहे. हे एकदा पाहिलं की पोरगा घरातली प्रत्येक वाटी, बादली, पिंप न्याहाळत सुटतो. त्याचं स्वातंत्र्य मी काढून घेतलं का? त्याला डोळे मिळाले.

आणि शासकीय रेखाकला परीक्षांना नावं ठेवायची आता फॅशन झाली आहे. त्यांतल्या पहिल्या, एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन आहे. खेड्यातल्या मुलापर्यंत चित्रकला हा विषय म्हणून पोचली ती या परीक्षांमुळे.

इतवारीवाला

रेषाताई, तुमचं अर्धं पटते, अर्धं नाही. पाहून करणं म्हणजे वाईट, हे काहून? आमच्या इकडे सारे पाहूनच शिकले. गणपतीच्या महिनाभर आधी चितार ओळीत जाऊन पाहा. मूर्तिकाराचं पोट्टं आधी माती मळते, मग साच्यातून निघालेल्या मूर्तीचे जोड घासते, मग कधीतरी बोटं करायला मिळतात. डोळे तर सगळ्यात शेवटी. त्याला कोणी म्हणत नाही की बाळा, तुला वाटते तसा गणपती कर. तरी दहा वर्षांनी त्याचा हात वेगळा ओळखू येते.

आता मारबत घ्या, आमच्या नागपुरात मिरवणुकीनं नेऊन जाळतात तो बाईचा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. दरवर्षी तेच रूप, तोच रंग, बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, वरून कागद. यात कोणी आपली अक्कल चालवत नाही. पण त्याच मिरवणुकीत बडग्या, म्हणजे पुरुषाचा पुतळा, पाहा. तो दरवर्षी नवा. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, ज्या साली जे टोचून राहिलं त्याचा. हात मात्र तेच, कमच्या तशाच बांधलेल्या. मारबतीचा सांगाडा बांधता आला म्हणून बडग्या उभा राहाते. पोट्ट्यांना दोन्ही पाहिजे. नुसता बडग्या कर म्हणाल तर तो मिरवणूक सुरू व्हायच्या आधी कोसळीन.

रेषा_नागपूर

इतवारीवाला भाऊ, बडग्याचं उदाहरण फार नेमकं आहे आणि मी ते माझ्या वर्गात वापरणार. पण एक फरक बघा. चितार ओळीतलं मूल खऱ्या मातीत, खऱ्या माणसाशेजारी बसून शिकतं. जोड घासताना त्याला माती कधी तडकते, कधी लवते हे बोटांना कळतं. शिबिरातल्या मुलाला यातलं काही मिळत नाही. तिथे नक्कल आहे, पण तिच्यात शिकणं नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

वर्गात_दोन_इयत्ता

मी उमरेडकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तुमची सगळ्यांची चर्चा ज्यांच्याकडे मेणखडू आणि ड्रॉइंग शीट आहेत अशांची आहे. आमच्याकडे दोन इयत्ता एका खोलीत आणि चित्रकलेचा वेगळा शिक्षक नाही. नमुना ठेवायचा की नाही, हा प्रश्न आमच्यापर्यंत येतच नाही.

तरी सांगते, आमचा सगळ्यात रंगणारा तास फुकटात होतो. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवायची, कापसाने वहीच्या पाठकोऱ्या कागदाला लावायची आणि वाळू द्यायचं. मग झाडूची काडी कपड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या कागदावर रेघ ओढायची. रेघ विटकरी लाल उमटते. पहिल्यांदा वर्गात जो ओरडा होतो तो शेजारच्या वर्गातून बघायला मुलं येतात. नंतर लिंबाचा रस लावला की लाल पुन्हा पिवळा. चित्र काढता काढता आम्ल आणि अल्कली दोन्ही होऊन जातात. पुष्कळ जण चुना वापरतात, लाल छान येतो, पण लहान मुलांच्या हातात चुना देऊ नये, डोळ्यात गेला तर अवघड.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे पळस फुलतो. फुलं पाण्यात उकळून रात्रभर ठेवली की केशरी-पिवळं पाणी मिळतं. जोडीला चुलीतला कोळसा आणि गेरू. जुन्या वर्तमानपत्रावर कोळशाने मोठी चित्रं फार सुंदर होतात, कारण कागद वाया जाण्याची भीती नसते. पोरं खांद्यापासून हात फिरवतात. महागड्या शीटवर तीच पोरं कोपऱ्यात बोटभर घर काढतात.

बाकी सरांचं ग्लासचं मला पटलं. पुढच्या आठवड्यात करून बघते.

रेषा_नागपूर

ताई, हा धागा तुमच्या या एका उत्तराने सार्थकी लागला. हळदीचा कागद उद्याच करते.

खडू_फळा सर, आपल्यात वयाचा मुद्दा सोडला तर फारसं अंतर नाही असं मला वाटतं. दहाव्या वर्षी मूल स्वतः विचारतं, ‘तांब्या असा वाकडा का दिसतोय?’ त्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. पण प्रश्न आधी, उत्तर नंतर. आपल्यापासून 75 किलोमीटरच्या आसपास असलेल्या सेवाग्रामला देवीप्रसाद यांनी 1944 ते 1962 मुलांना कला शिकवली, शांतिनिकेतनात शिकून आलेले कलावंत. कला हा शिक्षणाचा पाया आहे असं ते मानत. मुलाच्या चित्राकडे त्याच्या वाढीची खूण म्हणून बघायचं, भिंतीवर लावायची वस्तू म्हणून नाही, हा विचार विदर्भात इतका जुना आहे. तो सोडून आपण मोबाइलवरचे पाच मिनिटांचे व्हिडिओ बघून शिबिरं घेतो, याचं मला दुःख होतं.

परीक्षेबद्दल मात्र नाही पटत. इंटरमिजिएट या पुढच्या परीक्षेला अ श्रेणी आली की दहावीला 7 गुण, ब ला 5, क ला 3. या गुणांपायी स्मरणचित्र पाठ करून घेतात. बाजार, बसस्टॉप, नदीचा घाट, तीन चित्रं घोटून ठेवायची. आठवणीतून काढायच्या चित्रात मुलाची आठवणच नसते.

खडू_फळा

सेवाग्रामचं नाव काढलंत ते बरं झालं. 1937 च्या वर्धा परिषदेतून नई तालीम, म्हणजे गांधीजींची शिक्षणपद्धती, उभी राहिली ती हस्तोद्योगावर. तिथे सूत कातायला शिकवताना ‘तुला हवं तसं कात’ असं कोणी म्हणत नव्हतं. सूत एकसारखं आलं पाहिजे, तुटता कामा नये, नाहीतर विणता येत नाही. मोकळीक आणि शिस्त एकाच अंगणात होती. तुम्ही त्यातली एकच बाजू उचलताय.

स्मरणचित्र घोटून घेणारे क्लास आहेत आणि त्यांचा मलाही संताप येतो. पण तो दोष घोटून घेणाऱ्याचा. मी मुलांना शनिवारी सीताबर्डीच्या बाजारात उभं करायचो, वही न देता. फक्त बघा. भाजीवाली वजन करताना कोणता खांदा खाली जातो, पिशवी धरलेल्या माणसाची मान कुठे झुकते. सोमवारी वर्गात काढायचं. स्मरणचित्र ते हे. आणि 7 गुणांच्या लोभाने का होईना, एखाद्या बापाने मुलाला रंगपेटी घेऊन दिली तर मी त्या गुणांना वाईट म्हणणार नाही.

रेषा_नागपूर

बाजारात वही न देता उभं करणं मला मनापासून आवडलं. गुणांचं अजूनही पटलेलं नाही. गुण मिळाले की तीच रंगपेटी माळ्यावर जाते, हे मी फार घरांत पाहिलंय.

धरमपेठची_आई

भोकाचा कागद करून पाहिला. तिने त्याचं घरटं केलं आणि दुसरा कागद मागितला. शिबिराबद्दल माझं मत तेच आहे, पुढच्या वर्षीही पाठवणार, कारण सुटीत तिला सोबत मिळते. पण तान्ह्या पोळ्याला दरवेळी आम्ही रंगवलेला लाकडी नंदी आणतो, यंदा कोऱ्या लाकडाचा आणून तिच्याकडूनच रंगवून घ्यावा म्हणते. पोस्टर कलर लाकडावर टिकतो का?

इतवारीवाला

टिकते, पण लाकूड रंग पिऊन घेते. आधी पॉलिश पेपरनं घासा, मग फेव्हिकॉलमधे पाणी अन् खडूची पूड कालवून एक हात मारा. वाळला की मग रंग. शिंगं शेवटी, नाहीतर धरायला जागा राहात नाही. अन् ताई, झूल कोणत्या रंगाची करायची ते पोरीला विचारा, दुकानातल्या नंदीवर पाहून नका सांगू.