मदत हवी: मीटिंगमध्ये आवाज तुटतोय, नेटवाला म्हणतो समुद्रात केबल तुटली

सराफेवाला: शनिवारपासून मीटिंगमध्ये आवाज तुटून राहिलाय, समोरचे नुसते हॅलो हॅलो करत बसतात. नेटवाल्याला फोन केला तर म्हणतो लाल समुद्रात केबल तुटली. इंदुरात कुठला आला समुद्र? यूट्यूब मस्त पळतंय, स्पीड टेस्ट पण १०० ची येते. गंडवतोय ना हा? उद्या डेमो आहे, लवकर सांगा.

वायरवाला: वायफाय असेल. लॅनची वायर टाका, मी टाकली तेव्हापासून सुखी आहे.

सराफेवाला: वायरच आहे हो.

रामबागकर: हेडफोन बदल भिया, जेल रोडवर स्वस्तात मिळतात.

तुकोगंजी: मीटिंग कोणाशी, सर्वर कुठे, ते तर सांगा आधी.

सराफेवाला: फ्रँकफर्ट. ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन पण तिथलंच. त्यात काय सांगायचं?

तुकोगंजी: अहो सगळं त्यातच आहे! शनिवारी, ६ सप्टेंबर २०२५ ला, सौदीतल्या जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या केबल तुटल्या, दोन्ही मुंबईला येतात. यूट्यूब भारतातल्याच सर्वरवरून येतं, स्पीड टेस्ट पण जवळच्याच सर्वरशी होते, म्हणून ते ठीक दिसतं. पिंग किती, म्हणजे सर्वरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात?

जुनाखोड: तुटल्या नाहीत, तोडल्या. १९७१ साली ओखोत्स्कच्या समुद्रात अमेरिकेच्या हॅलिबट पाणबुडीने रशियाच्या केबलवर रेकॉर्डर बसवला होता, पाणबुडे खाली जाऊन भरलेल्या टेपा काढून आणायचे, वर नव्या लावून यायचे.

तुकोगंजी: काका, ऐकायचं असेल तर केबल तोडून कसं चालेल? आणि आता बुडी मारायचीही गरज नाही, ब्रिटनची हेरसंस्था जीसीएचक्यू किनाऱ्यावर केबल येते तिथूनच डेटा घेते हे २०१३ ला अमेरिकेची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या कागदांत आलंच. तुटतात त्या बहुतेक नांगराने नि मासेमारीने.

जुनाखोड: मग २०२४ ला येमेनच्या हूती बंडखोरांनी रुबीमार जहाजावर क्षेपणास्त्र मारलं ते?

तुकोगंजी: त्यातही केबल नांगरानेच तुटल्या असं अमेरिका म्हणते. जहाज सोडून दिलेलं, नांगर फरफटत वाहत गेलं.

सराफेवाला: माझं बघा ना कोणी! पिंग ३१०, पहिले १४० असायचा.

तुकोगंजी: म्हणजे लांबचा वळसा पडतोय. दुसऱ्या कंपनीच्या सिमचं हॉटस्पॉट लावून बघा, तिचा रस्ता वेगळा असू शकतो. नुसता प्लॅन बदलून काही होणार नाही.

सराफेवाला: १६५ आला!! डेमो ह्याच्यावरच घेतो. घरचं कधी सुधारेल?

तुकोगंजी: दुरुस्तीचं जहाज आणि परवानगी मिळाली की. तुटलेली टोकं डेकवर ओढून काचेचे धागे जोडतात. आठवडे लागतील, तोवर सिममध्ये डेटा भरून ठेवा.

वायरवाला: वायर कॅट ६ आहे का पण?