मदत हवी आहे: होळकरी रुपया घेतोय, पावतीवर नेमकं काय लिहून घ्यावं? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा. होळकरांची नाणी जमवतो. आतापर्यंत बहुतेक तांब्याचीच आहेत, यशवंतराव दुसऱ्यांचे १९३५ सालचे पाव आणे आणि अर्धे आणे वगैरे. ती सहज मिळतात, स्वस्त असतात, आणि फसवणुकीची भीतीही कमी. आता पहिल्यांदाच चांदीच्या नाण्यांकडे वळतोय, म्हणून जाणकारांचे अनुभव हवे आहेत.

दोन नाणी बघून ठेवली आहेत, दोन्ही एकाच व्यापाऱ्याकडे.

पहिलं अहिल्याबाईंच्या काळातलं, महेश्वर टाकसाळीचा रुपया. शाह आलमच्या नावाचा फारसी मजकूर आणि त्यातच शिवलिंग नि बेलपत्र. दिल्लीच्या बादशहाचं नाव कायम ठेवायचं आणि खूण मात्र आपल्या महादेवाची घालायची, हे त्या एवढ्याशा चांदीत बघताना मला अजूनही भरून येतं. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, त्रिशताब्दीनिमित्त सरकारने ३०० रुपयांचं स्मारक नाणं काढलं, तेव्हापासून या रुपयाची विचारणा वाढली आहे असं व्यापारी सांगतात. असेलही. मला तो त्याच्या आधीपासून हवा होता.

दुसरा शिवाजीराव होळकरांच्या छबीचा रुपया, संवत १९५६ चा, म्हणजे इसवी १८९९. हा यंत्रावर पाडलेला. छबीचे रुपये संवत १९५६ ते १९५८ एवढ्याच वर्षांचे मिळतात, त्यामुळे किंमत साध्या होळकरी रुपयाच्या कितीतरी पट. माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी मागत आहेत.

व्यापारी जुने आहेत, दुकान शहरातच आहे, नाव लिहीत नाही. वागणूक फार सभ्य. भिंग देतात, चहा पाजतात, घाई करत नाहीत. महेश्वरी रुपया माझ्यासमोर काट्यावर ठेवला, ११.१ ग्रॅम भरला. त्यावर एका बाजूला सराफांचे दोन ठोसे आहेत, तेही त्यांनी स्वतःहून दाखवले. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. छबीचा रुपया पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये स्टेपल मारून ठेवला आहे आणि तो उघडून दाखवायला ते तयार नाहीत. हवा लागली तर रंग बदलतो, म्हणतात. म्हणजे मला कड बघता येत नाही, वजन करता येत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त खटकते, ती पावतीची. पावतीवर ते फक्त एवढंच लिहितात: "जुने चांदीचे नाणे, नग १". ना राजाचं नाव, ना टाकसाळ, ना संवत, ना वजन. मी विचारलं तर म्हणाले, "खोटं निघालं तर कधीही परत आणा, आमच्याकडे जबान चालते."

त्यांच्या शब्दावर मला अविश्वास दाखवायचा नाही. पण ते साठीच्या पुढचे आहेत. आणखी दहा वर्षांनी गल्ल्यावर दुसरं कोणी बसलेलं असेल, आणि माझ्या हातात जो कागद असेल त्यावर कुठलंही चांदीचं नाणं बसेल.

तर विचारायचं आहे ते असं. नाण्यांच्या धंद्यात अशी मोघम पावती देण्याची रीतच आहे का? तुम्ही घेताना काय लिहून घेता, आणि मागितल्यावर व्यापारी नाराज होतात का? आणि होल्डर न उघडता छबीचा रुपया घ्यावा का? इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या संग्राहकांचे अनुभव विशेष उपयोगी पडतील, कारण संस्थानी नाण्यांचे व्यापारी या तीन गावांत पिढीजात आहेत.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद (इंदूर)

मी तुझ्यापेक्षा बराच मोठा असेन, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

जुन्या व्यापाऱ्यांची पावती अशीच असते. त्यात लबाडी असतेच असं नाही. अर्धा माल त्यांच्याकडे घरगुती मोडीत येतो. आजीच्या डब्यातले रुपये कोणी सराफ्यात विकायला आणतं, सराफ ते तोळ्यावर घेतो, आणि त्यातला एखादा चांगला दिसला तर नाणेवाल्याकडे पाठवतो. बाकीचे भट्टीत. चांदीचा भाव चढला की किती महेश्वरी रुपये गाळले जातात याचा हिशोब कोणी ठेवत नाही, आणि हे मला या छंदातलं सगळ्यात मोठं दुःख वाटतं. तर अशा मालाला कागद नसतो, म्हणून पुढे देतानाही ते मोघम लिहितात.

महेश्वरी रुपया तू बिनधास्त घे. सराफाचे ठोसे ही काही वाईट खूण नाही, त्या काळी चांदी पारखायला ते मारतच. संग्राहक थोडी किंमत पाडतात एवढंच. ठशापेक्षा नाण्याचा गोळा लहान असायचा, त्यामुळे हिजरी साल किंवा जुलूस (बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष ते) बहुधा अर्धवट येतं. दोन्ही पूर्ण दिसत असतील तर किंमत जास्त मागणं रास्त आहे. लिंग आणि बेलपत्र दोन्ही स्पष्ट आहेत का, ते आधी बघ.

छबीच्या रुपयाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. कड न बघता दोन महिन्यांचा पगार द्यायचा नाही. हवा लागून रंग बदलतो हे खरं, पण पाच मिनिटांत नाही.

प्रतिसाद (वडोदरा)

वरच्या काकांचा मान ठेवून सांगते, पावतीच्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही.

मी गायकवाडी नाणी घेते. १८९०च्या दशकातला तिसऱ्या सयाजीरावांच्या छबीचा रुपया मांडवीकडच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला होता. दिसायला देखणा. घरी आल्यावर तिरप्या उजेडात धरला तेव्हा बाराच्या काट्यापाशी कडेवर एक गुळगुळीत पट्टा दिसला. तिथे कधीतरी कडी डाकलेली होती, ती काढून जागा घासून पॉलिश केलेली. आपल्याकडे राजाच्या छबीचे रुपये गळ्यात घालायची पद्धत होतीच, त्यामुळे असे खूप सापडतात. नाणं खरंच होतं, खोटं नव्हतं. पण कडी काढलेल्या नाण्याला न हाताळलेल्या नाण्याची किंमत द्यायची नसते.

मी परत घेऊन गेले. व्यापाऱ्यांनी आधी "नाणं तर अस्सल आहे ना?" असं विचारलं. माझ्याकडे पावती होती, तिच्यावर मी लिहून घेतलं होतं: "बडोदा संस्थान, सयाजीराव तिसरे, एक रुपया, संवत अमुक, वजन अमुक, कडी काढलेली नाही, दुरुस्ती केलेली नाही. यात फरक आढळल्यास पूर्ण रक्कम परत." ते वाचून त्यांनी एका शब्दाने वाद न घालता पैसे दिले. आजही मी त्यांच्याचकडे जाते, आणि आता ते स्वतःच तसं लिहून देतात.

"खोटं निघालं तर परत आणा" हे वाक्य ऐकायला चांगलं, पण नव्वद टक्के भांडणं खऱ्या-खोट्याची नसतातच. ती असतात दर्जाची. घासलेलं, कडी काढलेलं, भोक बुजवलेलं, चिंच नाहीतर रांगोळी लावून लखलखीत केलेलं नाणं "एक्सएफ" (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे फारच कमी झिजलेलं) म्हणून विकलं जातं. म्हणून पावतीत दर्जा आणि दुरुस्ती या दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्यांच्या मागेच व्यापाऱ्यांची सही घ्यायची, म्हणजे तेच नाणं की दुसरं हा प्रश्नच राहत नाही.

प्रतिसाद (ग्वाल्हेर)

ताईंना अनुमोदन. मी शिंद्यांची नाणी ऑनलाइन मागवतो. एकदा माधवरावांच्या छबीचा संवत १९७० चा पाव आणा फोटोत एक दिसला आणि पाकिटातून दुसराच निघाला. विक्रेत्याने नमुन्याचा फोटो टाकला होता म्हणे. किरकोळ किंमतीचं नाणं, म्हणून सोडून दिलं. तेव्हापासून पैसे भरण्याआधी आज काढलेला फोटो मागतो आणि ओरखडे, ठिपके जुळवतो.

प्रतिसाद (इंदूर)

मी सराफ्यातच काम करतो, नाण्यांतला तज्ज्ञ नाही, पण धातूबद्दल सांगू शकतो.

दोन्ही नाणी घेण्याआधी टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध आहे ते, काढून घ्या. हल्ली मशीनवर निघतो, नाण्याला ओरखडाही येत नाही. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. मशीन फक्त वरच्या थरातला धातू सांगतं. चांदीचा मुलामा दिलेलं असेल तर ते फसू शकतं. त्यासाठी पाण्यातलं वजन बघायचं. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. चांगल्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास असते, म्हणजे तुमचा ११.१ ग्रॅमचा रुपया पाण्यात साधारण १.०८ ग्रॅमने हलका भरला पाहिजे. जर्मन सिल्व्हर किंवा पितळेवर मुलामा असेल तर हा फरक १.२५ च्या पुढे जातो.

आणि टंच चांगला आला म्हणून नाणं खरं ठरत नाही. चांगल्या चांदीत ढाळलेली बनावट नाणी आम्ही बघतो. त्यात पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा मऊ वाटतात, आणि कडेवर दोन साच्यांचा जोड फिरलेला असतो. यंत्रावर पाडलेल्या रुपयात तर हा जोड कडेवरच पकडता येतो. म्हणून होल्डर उघडायला लावाच.

प्रतिसाद (वडोदरा)

छबीच्या रुपयासारखं महाग नाणं असेल तर एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या सीलबंद डबीतलं मिळतं का बघा. डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पडताळायचा, कारण खोट्या डब्याही निघाल्या आहेत. फोटो उपलब्ध असेल तर आतलं नाणं तेच आहे हे जुळवून बघायचं. महेश्वरी रुपयासाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

आणखी एक, कायद्याचं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तुमचे दोन्ही रुपये त्यात बसतात. तेव्हा परवान्याबद्दल विचारायला संकोच करू नका. ज्यांच्याकडे तो असतो ते अभिमानाने दाखवतात, आणि मोघम पावतीचं खरं कारणही बहुतेक वेळा तिथेच कळतं.

प्रतिसाद (मूळ लेखक)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या पावतीचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला आहे. दर्जा आणि दुरुस्ती हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, मी खऱ्या-खोट्यातच अडकलो होतो.

काल संध्याकाळी दुकानात जाऊन आलो. महेश्वरी रुपयाची पावती हवी तशी लिहून द्यायला ते लगेच तयार झाले, सराफांच्या ठोशांसकट. परवान्याचा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावलेला होता, माझंच लक्ष गेलं नव्हतं. तो रुपया घेतला. लिंग स्पष्ट आहे, बेलपत्राचं एक पान जरा झिजलं आहे, जुलूस वर्ष कापलं गेलंय. मला चालेल.

छबीच्या रुपयाचं मात्र अडलंय. होल्डर उघडण्याबद्दल म्हणाले, नाणं त्यांचं नाही, एका ओळखीच्या कुटुंबाने विकायला ठेवलं आहे, त्यांना विचारून सांगतो. हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण आता दुसरा प्रश्न उभा राहतो: नाणं दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर पावतीवर परतीची हमी कोणाची? व्यापाऱ्यांची की त्या कुटुंबाची?

प्रतिसाद (वडोदरा)

व्यापाऱ्यांची. पैसे तुम्ही त्यांना देणार, पावती ते देणार, तर हमीही त्यांचीच. कुटुंबाशी त्यांचा काय हिशोब असेल तो त्यांनी बघावा. तसं लिहून द्यायला ते नाही म्हणाले तर तो रुपया तिथेच राहू द्या. संवत १९५७ चा एखादा पुढेमागे लिलावात येईल, तेव्हा शांतपणे बघता येईल.

प्रतिसाद (इंदूर)

बरोबर आहे ताईंचं. आणि बाळा, एबी रोडवरच्या केंद्रीय संग्रहालयात एकदा जाऊन ये, तिथे नाण्यांचा संग्रह आहे. अस्सल नाणी डोळ्यांखालून जितकी जास्त जातील तितकं बनावट लवकर ओळखू येतं. यायचं असेल तर निरोप पाठव, मी रविवारी सकाळी मोकळा असतो. महेश्वरी रुपया सोबत आण, मलाही बघायचा आहे.