मदत हवी आहे: आप्पांचा गुडघा दुखतो, पण मला काळजी न दुखणाऱ्या पायाची वाटते

नमस्कार मंडळी,

मी नोकरीसाठी कोल्हापुरात असतो, गाव पन्हाळा तालुक्यात. आई-आप्पा गावीच. रान अडीच एकर, निम्म्यात ऊस आणि निम्म्यात भात. आप्पांचं वय 63, शुगर 12 वर्षांपासून. आईचं वय 57.

दुखणी तीन आहेत आणि तिन्ही पायाचीच: आप्पांचे गुडघे, त्यांच्या बोटांतल्या चिखल्या आणि आईची टाच. पण आधी गेल्या रविवारी काय झालं ते सांगतो, त्याच्यामुळेच हा धागा काढतोय.

संध्याकाळी आप्पा रानातून आले, चपलेसकट हौदावर पाय धुतले आणि सोप्यात चहा घ्यायला बसले. उजव्या पायातली रबरी चप्पल काढायला त्यांनी पाय झटकला, तर ती निघेना. मी खाली वाकून बघितलं. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार जाऊन तळव्यात रुतला होता आणि चप्पल त्याच काट्यावर अडकली होती. म्हणजे रानापासून घरापर्यंत ते त्या काट्यावर चालत आले होते. मी काटा उपसला, बोटभर लांब होता, मागोमाग रक्त आलं. आप्पा बशीतला चहा फुंकत होते. “कवा लागला काय की,” एवढंच म्हणाले.

तेव्हाच बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली कातडी भिजून पांढरीफटक, खाली लाल चीर आणि कुबट वास. रोपलावणीत पंधरा-पंधरा दिवस घोटाभर चिखलात उभं राहिलं की आमच्याकडे निम्म्या गावाला चिखल्या होतात. त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. मेंदी लावतात, नाहीतर करंजाचं तेल. आप्पांनी यंदा औषधाच्या दुकानातून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणली होती. दोन दिवसांत खाज थांबली, म्हणून तिच्यावर त्यांचा फार विश्वास. पण तीन आठवड्यांत चट्टा बेचकीतून पायाच्या वरच्या बाजूला सरकला होता.

गुडघ्यांसाठी मात्र घरात सगळं आहे. मलम, पट्टा, निरगुडीचा पाला, गावातल्या दवाखान्यातल्या गोळ्या. गुडघा दुखतो म्हणून सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. पाऊल दुखत नाही, म्हणून 12 वर्षांत त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही.

सोमवारी रजा टाकून त्यांना शहरात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आप्पांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. लागलं की “हं” म्हणायचं. आप्पा चार वेळा “हं” म्हणाले. अंगठ्यावर तंतू वाकेपर्यंत दाबला तरी गप्प. मी शेजारी उभा राहून मोजत होतो आणि पोटात गोळा येत होता. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए1सी) 9.4 टक्के आली. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी लागते, म्हणजे रक्तपुरवठा बरा आहे, तेवढा दिलासा. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते बघितलं आणि ड्रेसिंग केलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की जास्त शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात. मग काटा, खडा, चटका काहीच कळत नाही. त्यात बेचकीत चीर असली की तिथून जंतू आत शिरतात, आणि शुगर वाढलेली असली की जखम भरत नाही. पाय लाल होऊन सुजला, लाली वर सरकायला लागली, ताप आला, पू किंवा काळा डाग दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. ते ऐकून आई घाबरली, कारण गेल्या वर्षी आमच्या भावकीतल्या एकाचं बोट असंच काढावं लागलं होतं.

ट्यूब दाखवली तेव्हा त्यांनी ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल होतं, ते कडक स्टेरॉइड. त्यानं खाज लगेच थांबते, पण बुरशीला मोकळं रान मिळतं. आता नुसतं बुरशीवरचं, टर्बिनाफिनचं मलम दिलंय आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचेत. मंडळी, तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं आजच वाचा.

गुडघ्याच्या गोळ्यांचंही तेच. आप्पा वर्षभर जवळजवळ रोज डायक्लोफिनॅक घेत होते. शुगर आणि बीपी असलेल्या माणसाच्या किडनीला हे चांगलं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठीची रक्ततपासणी केलीय, सुदैवानं ठीक आहे. आता त्याच औषधाची जेल वरून लावायची आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम करायचा: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच-सहा सेकंद धरायचा, हळू खाली आणायचा. स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. वजनही उतरवायला सांगितलंय, एक किलो कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक साधारण चार किलोंनी हलका होतो म्हणाले. आप्पांना हा हिशेब पटला, पोत्याच्या भाषेत सांगितल्यामुळे असेल.

आता माझे प्रश्न.

चिखलात घालायला काय द्यावं? रबरी चपलेतून काटा जातो. गमबूट घेतला तर आत घाम आणि परत बुरशी. कापशीचं कातडी पायताण पावसाळ्यात माळ्यावरच असतं, पण डॉक्टर म्हणतात बधिर पायाला ते उन्हाळ्यातही नको, तळ कडक आणि अंगठा घासतो. चाळीस वर्षं पायताण घालणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं?

दुसरं, आप्पा दरवर्षी श्रावण षष्ठीला जोतिबाला अनवाणी चालत जातात. ही जखम घेऊनही जाणार म्हणतात. “देवाच्या वाटंला काय हुत न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही मला. कुणी आपल्या घरच्या माणसाला यातून वळवलंय का?

आणि आईची टाच. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यागत होतं, दहा-पंधरा पावलांनी सैल पडतं. एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं, तेव्हापासून तिला ऑपरेशनची धास्ती आहे. ती दिवसभर घरात शहाबादी फरशीवर अनवाणीच असते.

भर, गुरुवारी रात्री

इतक्या लोकांनी लिहिलंत, मनापासून आभार. काहींनी फोटो मागितला होता, तो आप्पांना विचारून टाकेन.

गमबुटाबद्दल तिघांनी जवळजवळ एकच सांगितलं आणि डॉक्टरांनीही होकार दिला: जखम भरेपर्यंत चिखलात पाय नाहीच. नंतर एक माप सैल गमबूट, आत सुती मोजे, दोन तासांनी बांधावर बसून काढायचे, पाय पुसायचे, कोरडे मोजे चढवायचे. घालण्याआधी बूट उपडा करून आत हात फिरवायचा. खडा असो की विंचू, बधिर पायाला काही कळणार नाही. घरात आणि गावात फिरायला मऊ रबरी तळाची एमसीआर चप्पल घेतलीय, मागे पट्टा असलेली. ती आप्पांना आवडली, हे मला अपेक्षित नव्हतं.

कुणीतरी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायला सांगितलंय. तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपा करून शुगरवाल्याला हे सांगू नका. आप्पा पावसाळ्यात चुलीपुढे पाय शेकत बसतात तेही आम्ही बंद केलंय. भाजलं तरी कळत नाही. कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी कोपरानं तपासायचं, बेचक्या कोरड्या करायच्या. टाचांच्या भेगांना तेल चालतं, बेचकीत नाही. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही, त्याच्या औषधी पट्ट्याही लावायच्या नाहीत.

आईला फिजिओथेरपीवाल्या ताईंनी समजावलं, की वाढलेलं हाड बऱ्याचदा न दुखणाऱ्या टाचांतही दिसतं. दुखतो तो तळव्याखालचा जाड पट्टा. उठण्याआधी अंथरुणातच टॉवेलनं पायाची बोटं स्वतःकडे ओढायची, दिवसातून तीनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, घरातही मऊ सपाता. काही महिने लागतील, पण बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं. हे ऐकल्यावर आई त्या रात्री नीट झोपली.

जोतिबाचं अजून ठरलेलं नाही. एका ताईंनी सुचवलं ते काल आप्पांपुढे ठेवलं: यंदा गाडीनं डोंगरावर जाऊ, दर्शनाला लागेल तेवढंच पायताण काढू, तेही मोजे घालून, आणि चालत येण्याचा नवस पाय बरा झाल्यावर फेडू. ते काहीच बोलले नाहीत. पण आज सकाळी हौदावर पाय धुऊन झाल्यावर त्यांनी आपणहून आईला हाक मारली आणि आरसा मागितला, तळवा बघायला.

एक प्रश्न राहिलाच. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मधुमेही पायांसाठी कोणत्या विभागात आणि कोणत्या वारी दाखवायचं, हे ज्यांना स्वतःच्या अनुभवानं माहीत आहे त्यांनी सांगावं. दर तीन महिन्यांनी तपासणी करायचीय आणि प्रत्येक वेळी खाजगीतला खर्च झेपणार नाही.