फोनात काय घालायचे, काय काढायचे: गिऱ्हाइकाला विचारावे का?

कुळागर, फोंडा
चवथीच्या आगेमागे दर वर्षी नव्या फोनांची रांग लागते आणि मला दर वर्षी तोच प्रश्न पडतो. हे सगळे मागितले कोणी? कडेला वळवलेली काच, नावापुरता दोन मेगापिक्सेलचा जादा कॅमेरा, डबा उघडतानाच आत ठाण मांडून बसलेली आणि काढता न येणारी अ‍ॅप्स. लोक मागतात ते साधे असते. बॅटरी घरी बदलता यावी, मेमरी कार्ड घालता यावे, इअरफोन लावायला भोक असावे. नेमके तेवढेच काढून टाकतात.

भोकाचेच घ्या. २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा जॅक काढला आणि त्यांचे मार्केटिंगप्रमुख फिल शिलर यांनी व्यासपीठावरून त्याला चक्क 'धैर्य' म्हटले. त्याच कार्यक्रमात बिनतारी एअरपॉड्स विकायला काढले, हा योगायोग म्हणे. गूगलने त्याच वर्षी पिक्सेलच्या जाहिरातीत आमच्याकडे जॅक आहे हो, म्हणून टोमणा मारला. पुढच्या वर्षी पिक्सेल २ आला, जॅक गायब. सॅमसंगने २०१९ मध्ये नोट १० मधून तो काढला. यांतल्या कुणाच्या दारात गिऱ्हाईक मोर्चा घेऊन गेले होते, की भोक बुजवा?

माझे म्हणणे एवढेच की नवे काय घालायचे ते खुशाल घाला, पण असलेले काढायच्या आधी वापरणाऱ्यांना विचारा.

बांगडा_हुमण, वास्को
असहमत. लोक बोलतात एक आणि पैसे मोजतात दुसऱ्यालाच.

२०११ मध्ये सॅमसंगचा पहिला नोट आला, ५.३ इंची. कानाला पाट लावल्यासारखा दिसतो म्हणून जग हसले होते. असला फोन कुणी मागितला नव्हता. तरी खपला, आणि २०१४ मध्ये अ‍ॅपललासुद्धा मोठा ६ प्लस काढावा लागला. मग उलटी ओरड सुरू झाली: खिशात मावेल असा द्या, एका हाताने चालवता येईल असा द्या. अ‍ॅपलने ऐकले. २०२० मध्ये १२ मिनी, पुढच्या वर्षी १३ मिनी. पडदा ५.४ इंच, म्हणजे ज्या नोटला राक्षस म्हटले त्याच्यापेक्षा केसभर मोठाच. (कडा बारीक झाल्या म्हणून अंगाने लहान, ते सोडा.) २०२२ च्या नव्या फोनांत मिनी नाही, जागेवर मोठा १४ प्लस. मागणारे ऐन वेळी गेले कुठे?

आणि फोनाच्या आत जागा फुकट नसते. जॅक ठेवायचा तर ती जागा बॅटरीच्या नाहीतर कॅमेऱ्याच्या वाट्यातून जाते. मतदान घेतले तर लोक तिन्ही मागतील, शिवाय फोन पातळ हवा म्हणतील.

कुळागर, फोंडा
मिनीचे उदाहरण नेहमी देतात, किंमत मात्र सांगत नाहीत. आपल्याकडे १२ मिनी ६९,९०० रुपयांना आला, आणि बॅटरी त्यातल्या त्यात लहान. लोकांनी लहान फोन मागितला होता. लहान आणि महाग आणि संध्याकाळपर्यंत न टिकणारा कुणी मागितला नव्हता.

हीटगन, म्हापसा
मी दुकानात बसतो, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही करतो. काउंटरवर काय विचारतात ते ऐका. कॅमेरा कसा, बॅटरी किती, हप्ता किती. बस. जॅक विचारणारा क्वचित, आणि तो बहुतेक शाळकरी मुलाचा बाप असतो, कारण ब्लूटूथवाला एक तुकडा हरवला की पुन्हा हजाराची फोडणी.

पण काउंटरवरचे बोलणे म्हणजे गरज, असे मात्र मी म्हणणार नाही. पावसाळ्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त येते ते चार्जिंगचे काम. किनाऱ्यावरची खारी दमट हवा, सी टाइपच्या भोकात हिरवा गंज, शॅकवर काम करणाऱ्या पोरांच्या फोनात वर वाळूही. बारीक सुईने उकरायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे, तरी पिना खाल्लेल्या असतील तर पोर्टच बदलायचा. आता सांगा, यातल्या किती जणांनी कंपनीला लिहिले असेल की गंज न धरणारा पोर्ट द्या? तो पोर येतो आणि म्हणतो, 'भाई, चार्ज घेत नाही.' त्याची तक्रार तेवढ्यावर संपते. कंपनी ऐकते म्हणतात ती कुणाचे? नेटवर पानभर इंग्रजी लिहिणाऱ्याचे. त्याच्याकडे गंज पोचतच नाही, दोन वर्षांत फोन बदललेला असतो.

सत्तरीकर
हीटगनबाब +१. नोकिया ११०० आठवा, २००३ चा. टॉर्च आणि धूळ आत जाऊ न देणारा कीपॅड. आपल्यासारख्या देशांतले वापरणारे डोळ्यांसमोर ठेवून केला होता. पंचवीस कोटींच्या वर खपला. आमच्या घरी बागायतीत जाताना तीच टॉर्च.

आणि हीच नोकिया पुढे दोन सिमकार्डांना उशिरा आली. इथे लोक एका कंपनीचे कार्ड बोलायला आणि दुसऱ्याचे स्वस्त मेसेजला म्हणून दोन-दोन फोन बाळगत होते, दिवसभर कार्डे काढघाल करत होते. ते मायक्रोमॅक्स-कार्बन या देशी कंपन्यांना दिसले. अ‍ॅपलला तर २०१८ उजाडले.

बांगडा_हुमण, वास्को
मग हे माझ्याच बाजूचे झाले ना! टॉर्च हवी म्हणून अर्ज कुणी केला नव्हता. हुशार कंपनी बघते आणि ठरवते. मागण्यांची यादी घेऊन बसत नाही.

रापणकार, काणकोण
जॅक म्हणजे फक्त गाणी, असे धरून दोन्ही बाजू भांडताहेत. फोनातल्या एफएमला एरियल लागते आणि इअरफोनची तार हीच ती एरियल. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब, तिच्या पाव भागाला पाऊण मीटर तार पुरते. म्हणून तार लावल्याशिवाय रेडिओ सुरू होत नसे. जॅक गेला आणि त्याच्या पाठोपाठ बहुतेक फोनांतला रेडिओही गेला.

१६ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. झाडे पडली, तारा तुटल्या, कित्येक वाड्यांवर दिवसेंदिवस वीज नव्हती. टॉवरची बॅटरी उतरली की तुमचे फाइव्ह-जी आणि माझे टू-जी सारखेच. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे जुना बटनांचा फोन होता. तो इअरफोनची तार खिडकीच्या गजाला गुंडाळून पणजी आकाशवाणीच्या बातम्या लावायचा आणि आम्ही चार घरची माणसे त्याच्या बलकांवांत (ओसरीवर) जमायचो. आमच्या फोनांची किंमत त्याच्या वीसपट.

२०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपन्यांना सल्ला दिला की फोनात एफएमची सोय असेल तर ती बंद करून ठेवू नका. सल्ला चांगला आहे, पण तार लावायचे भोकच नसेल तर चालू काय ठेवणार?

बांगडा_हुमण, वास्को
रापणकार, मुद्दा मान्य, उपाय नाही. त्याच २०२३ मध्ये सरकारने फोनावर एकदम घणघणणाऱ्या आपत्ती सूचनेच्या चाचण्या घेतल्या, आठवतात ना? वादळाच्या आधी त्या पोचतात. नंतरसाठी काही शे रुपयांचा रेडिओ घरात ठेवा. वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी कोट्यवधी फोनांना भोक पाडा म्हणणे मला पटत नाही.

रापणकार, काणकोण
तो रेडिओ आणि त्याचे सेल वादळाच्या रात्री सापडले तर. फोन हातातच असतो.

तेरेखोल, पेडणे
मी वेगळे सांगते. माझ्या घराच्या मागे पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, सगळे बुकिंग फोनावर. भाडे किती ठरले, किती वाजता खोली सोडायची, यावरून हमखास वाद. म्हणून मी कॉल रेकॉर्ड करायची. २०२२ च्या मे महिन्यात गूगलने रेकॉर्डिंगच्या अ‍ॅप्सची वाट बंद केली, आणि आता माझ्या फोनातली स्वतःची सोय सुरुवातीलाच दोघांनाही बजावते की कॉल रेकॉर्ड होतो आहे. ते ऐकून अर्धे पाहुणे बिचकतात. अ‍ॅपलने २०२४ मध्ये ही सोय दिली, तीही अशीच घोषणा करून. घोषणा काढा, अशी मागणी देशभर आहे आणि मीसुद्धा ती केली आहे.

पण माझ्या ओळखीच्या एका बाईचे बोलणे असेच कुणीतरी टिपले आणि ते गावभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. तिने ना तो फोन विकत घेतला होता, ना कुठल्या कंपनीकडे काही मागितले होते. गिऱ्हाइकाचे ऐका म्हणता तेव्हा पलीकडे बोलणारे माणूस कुणाचे गिऱ्हाईक? तिथे कंपनीने माझे ऐकले नाही, हे मला अजून गैरसोयीचे आहे आणि तरी योग्य वाटते.

कुळागर, फोंडा
तेरेखोलबाय, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण तो नवे घालण्याचा झाला. काढण्याबद्दल मी ठाम आहे. आणि विचारून ऐकत नसतील तर कायदा करावा. युरोपने २०२२ मध्ये टाइप-सीचा नियम केला, तेव्हा अ‍ॅपल म्हणत होती की नवनिर्मिती खुंटेल. २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला. काय खुंटले? आता तिथे बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी असा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागणार आहे.

बांगडा_हुमण, वास्को
कायदा करणारे ब्रसेल्सला बसतात. ते तरी गिऱ्हाइकाला विचारून करतात का? उद्या याहून चांगला पोर्ट निघाला तर त्यांच्या बैठकीची वाट बघत बसायचे.

हीटगन, म्हापसा
कुळागरबाब, पूर्ण नियम वाचा. युरोपचाच दुसरा नियम २० जून २०२५ पासून लागू आहे. सुटे भाग विक्री थांबल्यावर सात वर्षे मिळाले पाहिजेत, हे त्यात छान आहे. पण बॅटरीला त्यात पळवाट ठेवली आहे: हजार वेळा चार्ज करूनही ८० टक्के क्षमता टिकत असेल आणि फोन पाण्यापासून सुरक्षित असेल, तर तो साध्या हाताने उघडला नाही तरी चालतो. ही अट पुरी करणे महाग फोनांना जमेल, स्वस्त फोनांना जड जाईल. म्हणजे झाकण उघडणारा फोन आलाच तर खालच्या किमतीत येणार आणि वरचे सगळे चिकटवलेलेच राहणार.

माझ्या धंद्याला ते बरेच आहे. बॅटरी फुगून फोल्डर (म्हणजे पडदा) उचललेला महागडा फोन घेऊन माणूस येतो, मी मागची काच तापवतो, कार्ड घालून हळूहळू सोडवतो, आणि दहातली एखादी काच तडकतेच. तिचे पैसे कोण देणार यावर मग आमची वेगळी चर्चा होते.