खड्ड्यात पडलो तर दावा ठोकायचा का?

गंगापूररोडकर
ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलबद्दल आदेश दिला. मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. दावे बघायला समिती. महापालिका हद्दीत त्यात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. पैसे नंतर दोषी ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांनी नाशिक शहर उकरलंय. माझं मत सरळ आहे: जो पडला त्याने अर्ज केलाच पाहिजे. ट्विट करून, निवेदनं देऊन झालं. आता हिशोब मागा.

सिडकोतला काका
आणि देणार कोण? तुझ्या-माझ्या घरपट्टीतूनच ना! ठेकेदाराकडून वसुली म्हणे. वसुलीची फाईल चार टेबलं फिरते, तोवर साहेब निवृत्त. एकाला अडीच लाख दिले की तेवढ्या पैशांचं डांबर कमी पडणार. भरपाई नको, रस्ता द्या.

गंगापूररोडकर
काका, रस्ता द्या म्हणून किती पावसाळे झाले? फुकटात पडतोय म्हणूनच कुणाला घाई नाही.

निवृत्त_जेई
आयुष्य रस्त्यांच्या कामात गेलं, म्हणून बोलतो. खड्डा दिसतो, त्याच्या आधीचा चर कुणाला आठवत नाही. गॅसवाला किंवा केबलवाला खोदतो, पुनर्स्थापनेचे, म्हणजे रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे भरतो, मुरूम टाकून निघून जातो. नीट दाबलेला नसतो. पहिल्या सरीत बसतो. वरून पॅच मारला तरी पाणी खालून शिरतं. मग खापर कनिष्ठ अभियंत्यावर, ज्याच्याकडे ना रोलर ना माणसं. ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावरही दुरुस्ती त्याच्यावरच असते तो काळ, चालू असेल तर त्याच्याकडून फुकटात दुरुस्त करून घेता येतं. पण मधे दुसऱ्याने खोदलं की तो हात वर करतो, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचं चूक नसतं.

वकीलकाकू
जेई साहेब, तुमचं पटतं, पण जखमी माणसाला त्याच्याशी काय देणंघेणं? कुणाचा चर, कुणाचा पॅच, हे यंत्रणांनी आपापसात बघावं.

आता अर्ज करणाऱ्यांसाठी. फोटो त्याच दिवशी काढा, दोन दिवसांनी तिथे खडी पडलेली असते. फोटोत दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब येऊ द्या. दवाखान्यात केसपेपरवर ‘गाडीवरून पडून’ एवढंच लिहितात, ‘खड्ड्यामुळे’ हा शब्द सांगून लिहून घ्या. पोलिसांत नोंद करा. समितीऐवजी महापालिकेवर दिवाणी दावा करायचा तर आधी नोटीस लागते, महिनाभर थांबावं लागतं आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. यातच निम्मे लोक चुकतात. रस्ता पीडब्ल्यूडीचा की महामार्ग प्राधिकरणाचा, हेही आधी बघा.

सिडकोतला काका
म्हणजे हातात प्लास्टर आणि माणसाने पाटी फ्रेममध्ये घ्यायची? छान.

वकीलकाकू
तुम्ही नाही, सोबतच्याने. 🙂

हेल्मेट_सक्ती
रात्री ऐंशीच्या वेगाने, डोक्यावर हेल्मेट नाही, हातात मोबाईल. पडला की सरकार जबाबदार. यालाही भरपाई?

वकीलकाकू
कोर्ट सहनिष्काळजीपणा, म्हणजे पडणाऱ्याची स्वतःची चूकही बघतं. रक्कम कमी होऊ शकते. पण म्हणून खड्डा निर्दोष सुटत नाही.

नांदूरनाक्याचा
खड्डेच का? ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची चौकात बस आणि ट्रकची धडक झाली, बस पेटली, १२ जण गेले. तिथे खड्डा नव्हता. चौकाच्या रचनेचं काय? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८ए आलंय: रस्त्याचं डिझाईन, बांधकाम, देखभाल मानकांप्रमाणे नसेल आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला १ लाखापर्यंत दंड. तोही मोटार वाहन अपघात निधीत जातो, घरच्यांच्या हातात नाही. १ लाख! मोठ्या ठेकेदाराच्या चहापाण्याचा खर्च आहे तो.

निवृत्त_जेई
हे मात्र खरं. दंडाला कुणी भीत नाही. ठेकेदार भितो तो काळ्या यादीला आणि अडकलेल्या बिलाला. बिल अडवा, रात्रीत रोलर येतो.

सिडकोतला काका
मग बिल अडवण्यासाठी अर्ज करा ना! भरपाईसाठी कशाला?

गंगापूररोडकर
बिल अडवायला कारण लागतं, काका. समितीसमोरचा दावा म्हणजे तेच कारण, कागदावर.