सांगलीच्या स्पेलिंगमधली सहा अक्षरं

(आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचं संभाषण; नावाच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-३०४ : नमस्कार मंडळी. चिरंजीवांना सुट्टीचा अभ्यास आलाय. आपल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग घ्यायचं आणि त्यातली सगळी अक्षरं ज्यात आहेत असे पाच इंग्रजी शब्द शोधायचे. जास्तीची अक्षरं चालतील, पण गावाचं एकही सुटता कामा नये. सांगली घेऊन आम्ही तासभर बसलोय. नेल, स्नेल, सिंग यापुढे गाडी जाईना. कुठलं ना कुठलं अक्षर उरतंच.

सी-१०२ : वहिनी, नेटवर अक्षरं टाकली की यादीच येते. पाठवू का?

ए-२०१ (बाई) : यादी नको रे, थांब जरा. तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, म्हणून सांगते. आपली मुलं अडतात ती शब्द येत नाहीत म्हणून नव्हे. आपल्या डोळ्यांना सांगली तीन अक्षरांची दिसते: सां, ग, ली. काना, वेलांटी, अनुस्वार अक्षराला चिकटलेले. इंग्रजीत ए आणि आय सुटे असतात, कुठेही जाऊन बसतात. मूल मनातल्या मनात 'सां' तसाच धरून ठेवतं आणि एस-ए-एन ही तीन अक्षरं एकमेकांना सोडतच नाहीत. आधी ती सुटी करा. जुन्या लग्नपत्रिकेचे सहा चौकोन कापा, एकेकावर एक अक्षर लिहा आणि ताटात गोल मांडा. ओळीत नको, ओळीत मांडलं की पुन्हा सांगलीच वाचली जाते. पाठवा त्याला खाली माझ्याकडे, पत्रिकांचा गठ्ठा आहे.

सी-१०२ : बरं बाई, नाही पाठवत.

सेक्रेटरी : उद्या सकाळी ७ ते १० टाकी धुणार आहे. पाणी रात्रीच भरून ठेवावे.

ए-२०१ (बाई) : वहिनी, सापडला हो! माझ्यासमोर बसून काढला. जी उचलून एस-आयच्या मागे ठेवला, पुढे एन लावला, 'साइन' वाचलं. ताटात ए आणि एल उरले होते. ते शेवटाला सरकवले आणि ओरडलाच, 'सिग्नल!' सहाच्या सहा अक्षरं, एकही जास्तीचं नाही. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

बी-३०४ : अरे वा! रोज विश्रामबाग चौकात सिग्नलला थांबतो आम्ही, कधी डोक्यात आलं नाही.

ए-२०१ (बाई) : त्याच सहा अक्षरांचा आणखी एक आहे, तो तुम्ही शोधा. त्यात जी मुका आहे, म्हणून बोलून सापडत नाही.

डी-४०३ : अलाइन्स?

ए-२०१ (बाई) : बरोबर. ए-एल-आय-जी-एन-एस. मराठीत लिहितो ते उच्चारतो, त्यामुळे मुके अक्षर आपल्याला सुचतच नाही. आता जास्तीचं अक्षर घेऊन. आय-एन-जी ही शेपटी बाजूला काढा, हातात एस-ए-एल राहतात. त्यात टी घातला तर लास्टिंग, सी घातला तर स्केलिंग, एच घातला तर लॅशिंग, आणखी एक आय घातला तर सेलिंग. पाच काय, सहा झाले.

सी-१०२ : बाई, कॉम्प्युटर हे कसं करतो ते सांगू? शब्दातली अक्षरं एबीसीच्या क्रमाने लावतो. सांगली लावली की ए-जी-आय-एल-एन-एस. सिग्नल आणि अलाइन्स लावले तरी तेच. डिक्शनरीतले सगळे शब्द असे लावून ठेवले की एका साच्यातले आपोआप एकत्र येतात. जास्तीची अक्षरं चालणार असतील तर मात्र प्रत्येक शब्दात हवी ती सगळी आहेत का, आणि जे दोनदा हवं ते दोनदा आहे का, हे मोजावं लागतं.

ए-२०१ (बाई) : छान सांगितलंस. हे त्याला वहीत करून दाखव, यादीपेक्षा उपयोगाचं आहे.

बी-१०१ (काकू) : माझं माहेर सातारा. आमचं निघेल का काही?

ए-२०१ (बाई) : निघतं ना काकू. साताऱ्यात ए तीनदा आहे, तेच हेरायचं. इंग्रजीत तीन ए असलेले शब्द थोडेच. त्यात एक व्ही मिसळा: अवतार्स. आपलाच शब्द, तिकडे जाऊन आलेला.

डी-४०३ : आणि कराड?

ए-२०१ (बाई) : आर्डवार्क, ए-ए-आर-डी-व्ही-ए-आर-के. आफ्रिकेतला मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी. नाव आफ्रिकान्स भाषेतलं, अर्थ मातीतलं डुक्कर. इंग्रजी डिक्शनरी उघडली की पहिल्या काही पानांतच भेटतो.

सी-१०२ : मिरज अवघड जाईल, त्यात जे आहे.

ए-२०१ (बाई) : उलट जे आहे म्हणूनच सोपं. दुर्मिळ अक्षर आधी पकडायचं, कारण त्याचे शब्द कमी. स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाच्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत, जे एकच. ईला १ गुण, जेला ८. अल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हा हिशेब बसवला. तर जे धरा, एम-ए त्याच्या आधी लावा. मेजॉरिटी. मिरजेची पाचही अक्षरं आत आहेत, मोजून बघा.

बी-३०४ : बाई, तो आता तासगाव घेऊन बसलाय. आजोळ ना त्याचं. जेवायला उठेना.

ए-२०१ (बाई) : त्याला म्हणावं टी-आय-ओ-एन शेवटी लाव. आणि ए दोन आहेत, दोन्ही यायला हवेत.

बी-३०४ : आला! स्टॅग्नेशन. पण अर्थ विचारतोय, काय सांगू?

ए-२०१ (बाई) : साचलेपण. वाहतं पाणी थांबलं की जे होतं ते. आणि सांगा, तासगावची अक्षरं असलेला आणखी एक आहे, गोष्टीत नायकाच्या विरुद्ध उभा असतो तो. तो उद्या. आज आधी जेव म्हणावं.