एआयने इंग्रजी सुधारलं, पण मावशी न बोललेलं वाक्य प्रबंधात आलं. मॅडमना सांगू का?

घरकुलवाली: नमस्कार. मी एम.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या सत्राला आहे. लघुप्रबंध विडी कामगार बायकांवर. आई स्वतः विड्या वळते, घरात आम्ही तेलुगू बोलतो, म्हणून सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलातल्या बायका माझ्याशी मोकळेपणानं बोलल्या. मुलाखती तेलुगूत, टिपणं मराठीत, प्रबंध इंग्रजीत. माझं इंग्रजी कच्चं. तिसरं प्रकरण चॅटजीपीटीत टाकलं, 'भाषा सुधार' म्हटलं आणि आलं तसं मॅडमना दिलं.

परवा ते आईला तेलुगूत सांगताना अडकले. एक मावशी म्हणाल्या होत्या, "हजारात पन्नास छाट काढल्या. पान कमी पडलं ते माझ्या पदरचं." छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. त्याचं झालं होतं, 'गुणवत्ता तपासणीत काही माल नाकारला जातो.' पुढे अवतरणचिन्हांत, 'तरी या कामाचा मला अभिमान वाटतो.' रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. असं त्या कुठेच बोललेल्या नाहीत.

इतरांच्या मजकुराशी साम्य ७ टक्के आलंय, एआय तपासणीत मात्र पानंच्या पानं लाल. मैत्रिणी म्हणतात, दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून फिरवून घे.

सात रस्ता: फिरवून अजिबात घेऊ नकोस. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. पण ते नियम चॅटजीपीटी यायच्या चार वर्षं आधीचे. ते दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणी बघतात. तुझं ते अभिमानाचं वाक्य कुणाच्याच पुस्तकात नाही, म्हणून ७ टक्क्यांत ते सापडणारच नाही. ते फक्त तुला माहीत आहे. मॅडमना उद्याच सांग.

ग्रंथालयातून: ताई, लाल रंगाला घाबरू नका. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने एआयचं लेखन ओळखणारं स्वतःचं यंत्र अचूकता कमी म्हणून २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी परदेशी विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध अशा यंत्रांना दिले, तर निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले. साधं इंग्रजी लिहिणाऱ्यावर हा आळ लवकर येतो. तुमची वही, रेकॉर्डिंग, पहिला कच्चा मसुदा जपून ठेवा. लेखन तुमचं आहे हे त्यावरून दाखवता येईल. अवतरणं मात्र एकेक करून ताडून बघा. आमच्याकडे एक मुलगा १९३० च्या सोलापूर मार्शल लॉवरची संदर्भयादी घेऊन आला होता. अर्धा दिवस कपाटं धुंडाळली. त्यातली तीन पुस्तकं कधी निघालेलीच नव्हती.

साखर पेठ: माझी आजीपण सूप मांडीवर घेऊन बसायची. 'छाट' शब्द इंग्रजीतही तसाच ठेवा गं, खाली अर्थ द्या. संध्याकाळी छाट किती गेली यावर आमच्या घरी भाजी ठरायची.

घरकुलवाली: मॅडमना सांगितलं. रागावल्या, पण प्रकरण परत दिलं, पंधरा दिवसांची मुदत. कुठे एआय वापरलं ते प्रस्तावनेत लिहायचं. काल मावशींकडे जाऊन त्यांचं बोलणं वाचून दाखवलं. विडीच्या पानाला कात्री लावता लावता म्हणाल्या, "पन्नासच का? दिवाळीच्या आधी ऐंशी गेल्या होत्या. तेपण लिही."